समेवर पडणारी माणसं

विनोद म्हटला की आपल्या मराठी माणसाला आधी शब्द आठवतात. अत्र्यांची भाषणं, चिमणरावांचं निवेदन, पु. लं.च्या व्यक्तींची बोलण्याची लकब. कोटीला दाद देणारा तो रसिक आणि कोणी धपकन पडल्यावर हसणारा ते 'पब्लिक', अशी एक वर्णव्यवस्था आपण विनोदातही करून ठेवली आहे. मूकपटांतल्या आदळआपटीला आपल्याकडे 'पोरकट' किंवा 'आचरट' म्हणतात आणि विषय संपतो.

देशात असताना हे चालून गेलं. श्रूजबरीसारख्या गावात, एका घरात तीन पिढ्या बसलेल्या असताना, ते जड जातं. सहा महिन्यांसाठी आलेले आजोबा एक फर्मास कोटी करतात. नातू बापाकडे बघतो. बाप भाषांतर करतो. कोटीचं भाषांतर म्हणजे दाणे खाऊन झाल्यावर टरफलं पुढे करणं. उलट दिशेनंही तेच. टीव्हीवर इंग्रजी विनोदी मालिका चालू असते, आतली ध्वनिमुद्रित माणसं खदखदून हसतात, आणि आजी नातवाच्या चेहऱ्याकडे बघून हसायचं की नाही ते ठरवते. शेजारी शेजारी बसून दोघं वेगवेगळ्या वेळी हसतात. हे अंतर दोन-तीन सेकंदांचंच असतं, पण घरात राहणाऱ्याला ते जाणवतं.

साधारण १९१४ ते १९२९ या काळात अमेरिकेत तयार झालेल्या मूक विनोदी लघुपटांपुढे हे अंतर उरत नाही. एक किंवा दोन रिळांचा खेळ, फार तर पंचवीस मिनिटं, आणि मधल्या पाट्या इतक्या थोड्या की वाचल्या नाहीत तरी अडत नाही. मुलांना त्याचं काही शिकवावं लागत नाही. शिकवावं लागतं ते आपल्याला, म्हणजे ज्यांनी 'यात काय बघायचं?' असं आधीच ठरवून टाकलं आहे त्यांना. म्हणून हा लेखप्रपंच.

'स्लॅपस्टिक' हे मुळात एका वस्तूचं नाव. इटलीतल्या जुन्या मुखवटानाट्यात आर्लेकिनो नावाच्या खट्याळ नोकराच्या हातात एक काठी असे. दोन पातळ फळ्या एका मुठीत बसवलेल्या, मध्ये थोडी फट. पाठीत हाणली की फळ्या एकमेकींवर आपटून 'फाट्' असा मोठा आवाज होई आणि मार खाणाऱ्याला जवळजवळ काहीच लागत नसे. या विनोदाचं सगळं शास्त्र त्या फटीत आहे: आवाज मोठा, इजा नाही. आपल्या तमाशातला सोंगाड्या किंवा कोकणच्या दशावतारातला संकासूर यांचं अंगचलन ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना हे नवं वाटू नये.

फट राहिली नाही तर काय होतं, याचं उदाहरण आपल्याच चित्रपटसृष्टीत आहे. १९४२ साली 'जंग-ए-आझादी'च्या चित्रीकरणात भगवानदादांनी ललिता पवारांना थप्पड मारायची होती. ती खरोखरच जोरात बसली. ललिताबाईंच्या चेहऱ्याला पक्षाघात झाला आणि डावा डोळा कायमचा अधू झाला. पुढे त्या डोळ्यासकट त्यांनी सिनेमातली सासू अजरामर केली ही गोष्ट वेगळी. पण खोट्या माराला किती अचूकपणा लागतो, हे या एका खऱ्या थपडेवरून कळतं. भगवानदादा काही नवखे नव्हते. मूकपटांच्या अखेरच्या दिवसांपासून ते पडद्यावर होते आणि मारधाडीच्या चित्रपटांत मुरलेले होते.

आणि हा विनोद आपल्याकडे उशिरा आला असंही नाही. जानेवारी १९१४ मध्ये दादासाहेब फाळक्यांचा 'मोहिनी भस्मासुर' मुंबईत लागला तेव्हा त्याच्या जोडीला 'पीठाचे पंजे' नावाचा छोटा विनोदी चित्रपट होता. त्याच महिन्यात तिकडे कॅलिफोर्नियात चार्ली चॅप्लिन नावाचा चोवीस वर्षांचा इंग्रज नट मॅक सेनेटच्या कीस्टोन कंपनीत कामाला लागत होता. त्याचा पहिला चित्रपट फेब्रुवारीत आला. म्हणजे आपला विनोदी लघुपट चॅप्लिनच्या पहिल्या चित्रपटाच्या महिनाभर आधीचा! फाळके हे मूळचे जादूगारही. 'फाळके' उलटं वाचून 'केळफा' होतं, म्हणून ते 'प्रोफेसर केळफा' या नावानं जादूचे प्रयोग करत. जादूगार आणि पडणारा विदूषक यांचा धंदा एकच: प्रेक्षकाची नजर कुठे आहे ते ओळखणं.

आता मुख्य मुद्दा. माणूस पडला म्हणून आपण हसतो, हा समज चुकीचा आहे. रस्त्यात कोणी खरंच पडलं तर आपण धावतो. पडद्यावर हसू येतं ते पडणं *येणार* हे आपल्याला आधी कळलेलं असतं म्हणून. केळ्याची साल आपल्याला दिसते, चालणाऱ्याला दिसत नाही. तो जवळ येतो. इथून पुढचा सगळा मामला तालाचा आहे.

तबल्याची संगत ऐकणाऱ्याला हे चटकन कळेल. तिहाई सुरू झाली की श्रोत्याला सम कुठे येणार ते ठाऊक असतं. तो मनातल्या मनात मोजत असतो, आणि नेमक्या जागी 'धा' पडला की मान आपोआप हलते. चांगला विनोदी नट आपल्या पडण्याची सम अशीच आधी जाहीर करतो. एकदा चुकतो, दुसऱ्यांदा चुकतो, तिसऱ्यांदा आपटतो. पण कसलेले वादक कधी सम ओलांडून पुढे उतरतात, कधी तिच्या अलीकडेच. आपण त्याला अतीत-अनागत म्हणतो. थोर मूकपटवाले हेच करतात, आणि त्यात पहिला नंबर बस्टर कीटनचा.

त्याचा 'वन वीक' (१९२०) घ्या. नवविवाहित जोडप्याला लग्नात एक घर आहेर मिळतं, पण सुटं, खोक्यांत भरलेलं. खोक्यांवरच्या आकड्यांनुसार जोडत जायचं. नवरीवर डोळा असलेला एक मत्सरी गडी ते आकडेच बदलून ठेवतो. (आपल्यापैकी ज्यांनी सुटं फर्निचर आणून, एक स्क्रू जास्त उरला म्हणून रात्र जागवली आहे, त्यांना या कथेची पार्श्वभूमी सांगायला नको.) घर तिरपागडं उभं राहतं, वादळात भोवऱ्यासारखं फिरतं, आणि शेवटी कळतं की ते भलत्याच जागेवर बांधलंय. मग ते गाडीला बांधून ओढत नेताना बरोबर रेल्वेच्या रुळांवर अडकतं. समोरून गाडी येते. नवरा-नवरी डोळे झाकून घेतात, आपणही श्वास रोखतो. गाडी शेजारच्या रुळांवरून निघून जाते. हुश्श! आपण सैल होतो, आणि त्याच क्षणी उलट दिशेनं दुसरी गाडी येऊन घराचा चक्काचूर करते. सम गेली असं वाटल्यावर पडलेला हा 'धा'. पहिल्या गाडीनं घर मोडलं असतं तर तो अपघात ठरला असता.

त्याच लघुपटात घराची एक भिंत कीटनच्या अंगावर कोसळते आणि खिडकीची मोकळी चौकट बरोबर त्याच्याभोवती येते. ही कल्पना त्यानं वर्षानुवर्षं घोटली. १९१९ च्या 'बॅक स्टेज'मध्ये ती रंगमंचावरच्या हलक्या पडद्यासारख्या भिंतीवर निभावली, 'वन वीक'मध्ये ती वाढली, आणि १९२८ च्या 'स्टीमबोट बिल ज्युनियर' या मोठ्या चित्रपटात खऱ्या वजनदार दर्शनी भिंतीनं तेच केलं, तेही दोन्ही बाजूंना काही इंचांचीच सूट ठेवून. एकच बंदिश तीन वेळा, लय दर वेळी अवघड. गंमत अशी की ७ जुलै १८९६ ला मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्यूमिएर बंधूंचे जे सहा चित्रपट दाखवले, त्यांतही एक भिंत पाडण्याचा होता. भारतानं पाहिलेल्या अगदी पहिल्या चलच्चित्रांत कोसळणारी भिंत होती. तिच्याखाली उभं राहायला फक्त माणूस यायचा होता.

कीटनला हे पाळण्यापासूनच मिळालं होतं. आईवडिलांच्या फिरत्या करमणुकीच्या खेळात बाप पोराला स्टेजवरून इकडेतिकडे फेके. धरायला सोपं जावं म्हणून त्याच्या कपड्यांना बॅगेची मूठ शिवलेली असे. आपण हसलो तर प्रेक्षक हसत नाहीत, हे त्याला त्याच वयात कळलं. त्याचा तो दगडी चेहरा तिथला. मोठेपणी पडताना त्याच्याकडे नीट बघा: शरीर एकदम कोसळत नाही, हात, खांदा, पाठ अशी क्रमानं जमीन गाठतं. आपल्या मल्लखांबाच्या पोरांना उतरताना जे शिकवतात तेच. कॅमेरा लांब ठेवलेला असतो, म्हणजे माणूस नखशिखान्त दिसतो आणि मध्ये काही कापाकापी केली नाही याची ग्वाही मिळते.

आता चॅप्लिन. १९१६-१७ मध्ये म्युच्युअल कंपनीसाठी त्यानं बारा लघुपट केले, आणि त्या कराराचे त्याला सहा लाख सत्तर हजार डॉलर मिळाले. त्या बारांतले मी आपल्या घरांसाठी दोन निवडतो. एक 'वन ए.एम.' (१९१६): रात्री उशिरा पिऊन आलेला माणूस जिना चढून झोपायला जाऊ पाहतो, बस्स एवढंच. सुरुवातीचा टॅक्सीवाला सोडला तर चॅप्लिन एकटाच. बाकी सगळी पात्रं म्हणजे जिना, लोलकाचं घड्याळ, गोल फिरणारं टेबल आणि भिंतीत मिटणारी खाट. नृत्य शिकणाऱ्या मुलींना हा जरूर दाखवा.

दुसरा 'द इमिग्रंट' (१९१७). हा आपलाच चित्रपट आहे. पहिलंच दृश्य: हेलकावणाऱ्या बोटीच्या कठड्यावर चार्ली ओणवा, पाठ आपल्याकडे, अंगाला आचके. बिचाऱ्याला बोट लागली, असं आपण समजतो. तो वळतो तर हातात गळाला लागलेला मासा! हे अनागत; आपण मोजायला लागण्याआधीच सम येऊन गेली. मग स्वातंत्र्यदेवीचा पुतळा दिसतो, सगळे भारावून बघतात, आणि पुढच्याच क्षणी अधिकारी त्या सगळ्यांना दोर लावून गुरांसारखं एका बाजूला रेटतात. चार्ली संधी साधून अधिकाऱ्याच्या पार्श्वभागी एक लाथ ठेवून देतो. वकिलातीच्या दारात आणि विमानतळाच्या रांगांत तासन् तास उभ्या राहिलेल्या कोणाही माणसाला या लाथेचं रसग्रहण करून सांगावं लागत नाही. (खुद्द चॅप्लिनचा परतीचा परवाना १९५२ मध्ये याच देशानं रद्द केला, हे जाता जाता.)

दुसऱ्या भागात तो कफल्लक, रस्त्यात सापडलेलं एक नाणं खिशात टाकून खानावळीत शिरतो. खिशाला भोक असतं, हे आपल्याला दिसलेलं आहे, त्याला नाही. म्हणजे सालीची जागा झाली. आत तो बोटीवर भेटलेल्या मुलीला बघतो, ऐटीत तिच्यासाठीही मागवतो. तेवढ्यात दहा सेंट कमी पडलेल्या एका गिऱ्हाइकाला वाढपी धरून बडवतात. आता चार्ली खिसा चाचपतो. तो धिप्पाड, दाट भुवयांचा वाढपी एरिक कॅम्पबेलनं केला आहे. चॅप्लिननं आधी त्या जागी हेन्री बर्गमनला घेऊन चित्रण केलं होतं. पण त्याची भीती वाटेना, म्हणून नट बदलून पुन्हा केलं. भीती खरी नसेल तर हसू फुटत नाही, हे त्याला पडद्यावर बघून कळलं. आणखी एक: हा चित्रपट खानावळीपासूनच सुरू झाला होता, बोटीची कल्पना मागाहून आली. या न वापरलेल्या रिळांचा अभ्यास करून केव्हिन ब्राउनलो आणि डेव्हिड गिल यांनी १९८३ मध्ये 'अननोन चॅप्लिन' ही मालिका केली. ती मिळाली तर सोडू नका.

पण खरा मराठी प्रसंग पुढेच आहे. एक सधन चित्रकार टेबलाशी येऊन बसतो आणि चार्लीचं बिल द्यायला निघतो. चार्ली सभ्यपणे 'छे छे, मी देतो' करतो. तो पुन्हा म्हणतो, हा पुन्हा नाही म्हणतो. आणि एकदा जास्त नाही म्हणून बसतो. चित्रकार 'बरं' म्हणून थांबतो! आग्रहाचं हे गणित, किती वेळा नको म्हणायचं आणि कधी हो म्हणायचं, आपल्या आजीला जगातल्या कोणत्याही समीक्षकापेक्षा जास्त कळतं. बिलासाठी हात पुढे करण्याची झटापट आपल्या मुलांनीही प्रत्येक रेस्टॉरंटमध्ये पाहिलेली असते. या जागी तिन्ही पिढ्या एकदम हसतात, हे मी एकापेक्षा जास्त घरांत बघितलं आहे. (बिल शेवटी कसं चुकतं होतं ते इथे फोडत नाही.)

जाड्या-रड्यांची ओळख मराठी माणसाला करून द्यायची गरज नाही. लॉरेल आणि हार्डी हे त्यांचं नाव पुष्कळांना नंतर कळलं. चि. वि. जोश्यांच्या चिमणराव-गुंड्याभाऊंना पडद्यावर दामुअण्णा मालवणकर आणि विष्णुपंत जोग यांनी उभं केलं तेव्हा ('लग्न पहावं करून', १९४०) लोकांना ही जोडी आठवली असेल तर नवल नाही. त्यांचा मूक 'बिग बिझनेस' (१९२९) बघताना एक गोष्ट लक्षात ठेवा: हे दोघं *सावकाश* आहेत. बाकीचे धावतात, हे थांबतात. कॅलिफोर्नियाच्या उन्हात नाताळची झाडं विकत ते जेम्स फिन्लेसनच्या दारी येतात. दार लावताना झाड अडकतं, पुन्हा घंटी. मग कोट अडकतो, पुन्हा घंटी. तो चिडून झाड कातरतो. हे दोघं त्याचं घर मोडायला घेतात, तो यांची मोटार. पण प्रत्येक वेळी ज्याचं नुकसान होतं तो शांतपणे उभा राहून ते *पूर्ण होऊ देतो*, मग विचार करतो, मग आपली पाळी घेतो. सवाल-जवाबाचा फड! रस्त्यावर गर्दी जमते, पोलीस गाडीत बसून वहीत टिपून घेतो. शेजाऱ्यांची कुंपणावरून किंवा सोसायटीच्या पार्किंगवरून झालेली भांडणं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना ही नोंदवही विशेष आवडेल.

मुलांना यातून मारामारीच शिकायला मिळेल, अशी शंका काही पालक घेतात. मला ती पटत नाही, पण मार कोणाला बसतो ते मुलांबरोबर बघावं. हवालदार, मुजोर वाढपी, तोऱ्यातला श्रीमंत. दुबळ्याला मार बसला तर तो उठून, कपडे झटकून पुढे चालतो. मात्र त्या काळच्या काही लघुपटांत काळ्या आणि चिनी माणसांची ओंगळ थट्टा आहे. तिथे फळ्यांमधली फट बुजलेली असते. म्हणून दाखवण्याआधी स्वतः बघून घ्या. वर सांगितलेल्यांपासून सुरुवात करा.

बघण्याविषयी थोडं व्यावहारिक. मूकपट सेकंदाला साधारण सोळा ते वीस चित्रं या वेगानं टिपले जात. ते पुढच्या काळातल्या चोवीसच्या यंत्रावर चालवले की माणसं मुंग्यांसारखी तुरुतुरु पळतात. आपल्या मनात मूकपटाचं जे 'घाईघाईचं' चित्र आहे ते बरंचसं या चुकीनं केलेलं आहे. काही ठिकाणी नटांनीच मुद्दाम वेग वाढवलेला असतो, पण ते वेगळं. तालाचं सगळं काम वेगावर अवलंबून, म्हणून नीट दुरुस्त केलेली प्रतच शोधा. संगीत नको असेल तर बंद करा. आपल्याकडे मूकपटांच्या जमान्यात पेटी-तबला वाजत असे, आणि मंडळात तबला शिकणारी मुलं आहेतच. त्यांना एक रीळ देऊन समेच्या जागा शोधायला सांगा. १९२९ पर्यंत इथे प्रदर्शित झालेले चित्रपट आता स्वामित्वहक्कातून मोकळे झाले आहेत, त्यामुळे मंडळाला शाळेच्या सभागृहात ते लावायला अडचण नाही. फक्त नव्या ध्वनिपट्टीचे हक्क वेगळे असू शकतात, ते पाहून घ्यावं.

क्रम असा ठेवावा: आधी 'वन वीक', मग 'द इमिग्रंट', जेवणानंतर 'बिग बिझनेस'. वेळ उरला तर फॅटी आर्बकलचा 'कोनी आयलंड' (१९१७), कारण तो न्यूयॉर्कमधल्या खऱ्याखुऱ्या लूना पार्कमध्ये चित्रित झाला आहे. तशाच धर्तीची एक जत्रा आपल्या गावातही होती. रूट ९ वरचं व्हाइट सिटी शॉपिंग सेंटर आहे ना, तिथे क्विन्सिगॅमंड तळ्याच्या काठी १९०५ पासून १९६० पर्यंत व्हाइट सिटी याच नावाचं करमणूक उद्यान होतं. या विनोदाचा पहिला प्रेक्षक अशा उद्यानांत पैसे देऊन स्वतःला गरगर फिरवून घेत असे. 'कोनी आयलंड'मध्ये कीटन अजून दुय्यम नट आहे, दगडी चेहरा पुरता ठरलेला नाही, आणि एका जागी तो चक्क तोंड भरून हसतो. मुलांना ती जागा शोधायला सांगा.